कपाळाच्या आतले अक्षर

सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ते अक्षर आजवर कोणाला वाचता आलेले नाही. पण त्याच कपाळाच्या हाडाआड दुसरेही एक अक्षर उमटत असते. ते एका रात्रीत नव्हे, वीस वर्षांत पुरे होते. आणि ते मात्र वाचता येते.

भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, हवेने भरलेली पोकळी असते. शारीरशास्त्रात तिला ललाटकोटर म्हणतात. सर्दीने डोके ठणकू लागले, की 'सायनस' या नावाने तिची आठवण होते. जन्माच्या वेळी ती जवळजवळ नसतेच. पाचव्या-सहाव्या वर्षापासून ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसू लागते आणि विशीच्या सुमारास तिची वाढ थांबते. उजवी आणि डावी बाजू स्वतंत्रपणे वाढतात. त्यामुळे एक मोठी तर दुसरी खुरटी, मधला पडदा वाकडा, वरची कड समुद्रकिनाऱ्यासारखी खाचाखोचांची, असा प्रत्येकाचा आकार निराळा होतो. एकाच गर्भातून झालेल्या जुळ्यांचे चेहरे ओळखताना आईसुद्धा चुकेल, पण त्यांच्या या पोकळ्या सारख्या नसतात.

आगीत वा पाण्यात चेहरा गेला, बोटांचे ठसे गेले, तरी हाडाच्या दोन भिंतींआडची ही पोकळी पुष्कळदा शाबूत राहते. व्हिएन्नातील आर्थर श्यूलर यांनी 1921 साली तिच्या क्ष-किरण चित्रावरून कवटी कोणाची हे ठरविता येईल, असे सुचविले. पुढे 1927 साली कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी तसे प्रत्यक्ष घडल्याचे प्रसिद्ध केले. सिंधू नदीतून निघालेल्या एका मृतदेहाची ओळख त्यांनी सायनस आणि कानामागचे हाड यांची पूर्वीची व नंतरची चित्रे ताडून पटविली होती. ती पूर्वीची चित्रे उपचारासाठी काढलेली होती. ती एके दिवशी साक्षीला उभी राहतील, हे तेव्हा कोणाच्या मनातही नसणार.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला उपयोग मात्र नाव ठाऊक असलेल्या माणसाच्या बाबतीत झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची 1963 साली हत्या झाली. शवचिकित्सेच्या वेळी घेतलेली क्ष-किरण चित्रे त्यांची नव्हेतच, ती बदलली गेली, असा संशय पुढे बळावला. 1976 साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली, तेव्हा एलिस कर्ली आणि क्लाइड स्नो या मानववंशशास्त्रज्ञांनी ती चित्रे केनेडींच्या हयातीतील चित्रांशी ताडून पाहिली. कपाळातील पोकळीची कड आणि कवटीतील इतर खुणा जुळल्या. कवटी केनेडींचीच होती. गोळी कोणी झाडली, हे अर्थात पोकळीला सांगता येत नाही, आणि तो वाद तसाच चालू राहिला.

साध्या क्ष-किरण चित्राला एक मोठी अडचण आहे. ते चित्र म्हणजे सावली. दिवा हलला, की भिंतीवरची सावली लांबते वा आखडते; तसेच डोके किंचित कलले, की पोकळीचा आकारही निराळा दिसतो. म्हणून मृताची कवटी जुन्या चित्रातल्याच कोनात आणि तितक्याच अंतरावर ठेवण्याची खटपट करावी लागे. 1971 साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला आणि पुढे ही अडचण बरीच सुटली. हे यंत्र डोक्याचे पातळ काप केल्यासारखी चित्रे घेते. ती संगणकावर एकत्र रचून हव्या त्या कोनात फिरविता येतात, पोकळीचे आकारमानही मोजता येते.

तरीही सावधगिरी हवी. काहींच्या कपाळात ही पोकळी मुळी तयारच होत नाही. जुनाट विकार, मार किंवा शस्त्रक्रिया यांनी तिचा आकार बदलतो. लहान मुलांच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे चित्रही फसवू शकते. शिवाय 'सारखे दिसते' या तज्ज्ञाच्या शब्दावर न्यायालयाने कितपत विसंबावे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली शास्त्रीय पुराव्यातील चुकीचे प्रमाणही पाहिले पाहिजे, असे सांगितले. त्यानंतर पोकळीच्या कडेचे गणिती मोजमाप करण्याचे प्रयत्न झाले. अँजी ख्रिस्तेन्सन यांचे 2005 सालचे काम त्यांपैकीच.

पण हे सारे दुसऱ्या चित्रावर अवलंबून आहे. जिवंतपणीचे चित्र नसेल, तर कवटीतील पोकळी मुकीच राहते. भारतात क्ष-किरणांची फिल्म बहुधा रुग्णाच्याच हाती दिली जाते, आणि मोठ्या पाकिटात ती कपाटावर वर्षानुवर्षे धूळ खात पडते. येथे बेपत्ता माणसाची सात वर्षे काही वार्ता नसेल, तर कायदा त्याला मृत मानू शकतो. तोवर पत्नीला स्वतःला विधवा म्हणता येत नाही, विम्याचा वा जमिनीचा प्रश्न सुटत नाही. हरवल्याची तक्रार देताना घरची मंडळी छायाचित्र नेतात, अंगावरचा तीळ सांगतात. कपाटावरचे ते पाकीटही तेव्हा खाली काढावे.