लॉसलेस म्हणजे नेमकं काय वाचतं?

मागच्या व्याख्यानानंतर कॉलेजातल्या एका मुलाने आम्हाला दारातच गाठलं. "गाण्याच्या ॲपमध्ये आता लॉसलेस असा पर्याय आलाय, त्यासाठी महागडा प्लॅन घेऊ का?" उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून आजचा वेळ त्यालाच दिलाय.

लॉसलेस म्हणजे ज्यात काही गमावलं जात नाही ते. पण कशातलं गमावलं जात नाही? गोंधळ इथेच होतो. आपण भातसानगरात बसलोय, तर उदाहरण इथलंच घेऊ. आपल्या धरणातून सोडलेलं पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग मुंबईला जातं. समजा, पुढच्या जलवाहिनीत एका थेंबाचीही गळती नाही. उत्तम. पण तेवढ्यावरून मुळात पाणी कसं होतं, किती होतं, हे कळतं का? नाही कळत. लॉसलेस हा शब्द जलवाहिनीबद्दल बोलतो, धरणाबद्दल नाही. (आणि धरण उशाला असून घशाला कोरड का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, तो आम्ही टाळत नाही, पुढे ढकलतोय.)

आता आवाज फाइलमध्ये कसा भरतात ते पाहू. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीचं माप अजून चालतं. आवाजाची लाट सेकंदाला 44,100 वेळा मोजायची, प्रत्येक माप 16 बिटांत लिहायचं, आणि डावा-उजवा असे दोन कान धरायचे. गुणाकार केला की सेकंदाला साधारण 1,411 किलोबिट होतात. 44,100 च का? माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि एखादी लाट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. वय वाढलं की वरचं ऐकू येणं आपोआप कमी होतं, त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांनी 192 किलोहर्ट्झच्या जाहिराती जरा शांतपणे वाचाव्यात.

ही फाइल मोठी होते. ती लहान करायच्या दोन रीती आहेत. धरणावर पाण्याची पातळी नोंदवतात ना, तसंच धरा. वहीत 138.40, 138.46, 138.51 मीटर असे आकडे आहेत. दर वेळी पूर्ण आकडा लिहिण्याऐवजी पहिला लिहिला आणि पुढे नुसतं "6 सेंटिमीटर वाढ, 5 सेंटिमीटर वाढ" असं लिहिलं, तर जागा कमी लागते आणि मूळ आकडे हवे तेव्हा जसेच्या तसे काढता येतात. फ्लॅक ही लॉसलेस पद्धत असंच काहीसं करते. मागच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवते. फाइल बरेचदा निम्म्याच्या आसपास येते.

दुसरी रीत एमपीथ्रीची. भजनात टाळ-पखवाज जोरात चालू असताना शेजारचा माणूस कानाशी कुजबुजला तरी ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला, असा हा विचार. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत यावर मोठं काम झालं. 320 किलोबिटला हे टाकून देणं इतकं बेमालूम असतं की फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. 64 ला मात्र झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो. पण एकदा टाकलेलं परत येत नाही. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. पाणी घातलेलं दूध चांदीच्या तांब्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही.

ॲपल म्युझिकने 2021 च्या जूनमध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं. स्पॉटिफायने त्याच वर्षी घोषणा केली आणि प्रत्यक्षात आणलं 2025 च्या सप्टेंबरमध्ये. मधली चार वर्षं कोट्यवधी लोक त्याच्याशिवाय गाणी ऐकतच होते, हेही लक्षात घ्या.

आता खर्चाचं बघू. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस सरासरी 900 किलोबिट धरलं, तर तासाला सुमारे 400 एमबी जातात. 320 ला तेच 144 एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर लॉसलेस चार तासही पुरत नाही. आणि डोंगराच्या आडोशाला जिथे रेंजच धड नाही, तिथे गाणं मध्येच अडकतं. अडकलेल्या गाण्याला कसला दर्जा?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कानात काय घातलंय. आपल्यापैकी बहुतेकांकडे ब्लूटूथचे इअरबड आहेत. नेहमीच्या ब्लूटूथवर फोन तो आवाज पुन्हा दाबून पाठवतो, म्हणजे लॉसलेस विकत घ्यायचं आणि शेवटच्या हातभर अंतरात ते सांडायचं. वायरचा हेडफोन असेल तरच या गोष्टीला अर्थ आहे.

घरी परीक्षा करून पाहा. एकच गाणं दोन्ही दर्जांत लावायचं, आवाज अगदी सारखा ठेवायचा, कारण थोडं मोठं वाजलं की ते चांगलंच वाटतं. बदलायचं काम दुसऱ्याने करायचं, तुम्ही पाहायचं नाही. असं दहा वेळा. पाच तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. नऊ आले तर तुम्हाला खरंच फरक कळतो. आमचे सहा आले. त्या दिवशी घरात आम्हाला फारसा मान मिळाला नाही.

मग फरक पडतो कुठे? मूळ ध्वनिमुद्रणात. केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. गोव्यातल्या केरीच्या या गायिकेची भैरवीतली 'जात कहाँ हो' 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. तीन-साडेतीन मिनिटांचं ते गाणं. मैफलीत तासभर राग मांडणारी बाई, आणि 78 च्या तबकडीत मावतं एवढंच! तिथे जे गेलं ते गेलं. अशी तबकडी आज लॉसलेस ऐकताना तिची खरखरसुद्धा प्रामाणिकपणे पोचते. गंमत म्हणजे खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून फ्लॅकमध्ये तीच जास्त जागा खाते. कोणी ती खरखर फार घासून काढली असेल, तर तिच्याबरोबर सुराची धारही गेलेली असते आणि लॉसलेस ते बोथटपण तितक्याच निष्ठेने पोचवतं. जुनं गाणं ऐकताना दर्जाच्या खुणेपेक्षा ते कुठल्या प्रतीवरून घेतलंय हे पाहावं, असं आमचं मत आहे.

हे आम्हाला उशिरा कळलं, आणि चुकूनच. आमच्या घरातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही फोनवर घेतल्या त्या थेट कुटुंबाच्या ग्रुपवरच्या व्हॉइस नोटमध्ये. सगळ्यांनी अंगठे दिले. आजी गेल्यावर नीट ऐकायला बसलो, तर स आणि श वेगळे कळेनात, जात्याची घरघर तर गाळूनच टाकलेली. अशा नोटा बोलणं कळावं इतपतच आवाज ठेवतात. ॲपचा दोष नाही, ते बोलण्यासाठीच केलेलं आहे. आता कितीही भारी प्लॅन घेतला तरी ती घरघर येणार नाही.

याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या बायकांचा आवाज ऐकता येतो.

त्या मुलाला आमचं उत्तर असं: वायरचा चांगला हेडफोन नसेल तर महागडा प्लॅन घेऊ नकोस. आणि घरात कोणी तारपा वाजवत असेल, ओव्या म्हणत असेल, तर लॉसलेस तिथे वापर, फुकट आहे. फोनच्या रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये लॉसलेस किंवा वेव्ह असा पर्याय सापडला तर तो निवड. पंखा बंद कर, फोन तोंडापासून हातभर अंतरावर मऊ फडक्यावर ठेव. सुरुवातीला नाव, गाव, तारीख तोंडाने बोल. पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फाइल बदलत नाही. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव, एक फोनबाहेर. तासाच्या स्टीरिओ वेव्हला साधारण 635 एमबी लागतात. 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर पन्नासएक तास सहज मावतील.

हं, आता विचारा. मागच्या रांगेतल्या मावशींपासून सुरुवात करू.