किळस की राग?

नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला, डोळे बारीक झालेले. हा फोटो मोठ्या माणसापुढे धरला की उत्तर लगेच येतं: याला किळस आलीय. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, ते तितक्याच ठामपणे सांगेल, "चिडलाय!" एखाददुसरंच मूल असं सांगतं असंही नाही. शेरी वायडेन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांना असं आढळलं, की साधारण नऊ वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलं या चेहऱ्याला रागीटच म्हणतात. खरी गंमत पुढेच आहे. किळस म्हणजे काय, हे त्या मुलाला ठाऊक असतं. घाणेरड्या पदार्थाची गोष्ट सांगितली तर त्यातल्या माणसाला काय वाटलं असेल, हे ते फोटोपेक्षा कितीतरी सहज सांगतं. भावना कळलेली असते. ती चेहऱ्यावर दिसते कशी, हे उमगायला आणखी काही वर्षं जावी लागतात.

मुलांना आनंद सगळ्यात आधी ओळखता येतो. मग राग आणि दुःख, त्यानंतर भीती आणि आश्चर्य, किळस अगदी शेवटी. उतारवयात चित्र पुन्हा बदलतं. राग, दुःख, भीती ओळखण्यात वृद्ध माणसं तरुणांच्या मागे पडतात. किळस ओळखण्यात मात्र फारशी पडत नाहीत.

पण हे ओळखणं मोजायचं कसं? नुसती बरोबर उत्तरं मोजली तर फसगत होते. समजा, सहा भावनांचे प्रत्येकी दहा फोटो आहेत. एका मुलानं रागाचे दहाही फोटो ओळखले, शिवाय किळसेच्या दहाही फोटोंना "चिडलाय" म्हटलं. रागात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे का? १९९३ साली मानसशास्त्रज्ञ ह्यू वॅग्नर यांनी यावर हिशेब सुचवला: एका भावनेच्या फोटोंपैकी किती ओळखले आणि तिचा शब्द जितक्या वेळा वापरला त्यातल्या किती वेळा तो बरोबर होता, या दोन प्रमाणांचा गुणाकार करायचा. आपल्या मुलानं "चिडलाय" वीस वेळा म्हटलं, त्यातलं दहा वेळा बरोबर. म्हणून गुण निम्मे. मुलाच्या चुकांनाही अर्थ आहे असं मानणारा हा हिशेब मला फार आवडतो.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना विचारायचं तर वेगळीच युक्ती लागते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन हे मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेले, तेव्हा त्यांनी भावनांची नावं विचारलीच नाहीत. ते गोष्ट सांगत. माणूस घरात एकटा आहे, गावात कुणी नाही, हाताशी ना सुरी, ना कुऱ्हाड, ना धनुष्यबाण. आणि दारात रानडुक्कर उभं. यातला त्याचा चेहरा कुठला? मोठ्यांपुढे तीन फोटो असत, मुलांपुढे दोनच. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेक भावनांचे चेहरे लोकांनी नेमके उचलले. फक्त भीती आणि आश्चर्य यांत मोठ्यांची गल्लत झाली.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते मात्र मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांचं काम. त्यांनी आणि त्यांचे सहसंशोधक पवन सिन्हा यांनी मुलांना आधी अगदी अस्पष्ट फोटो दाखवले आणि ते पायरीपायरीनं स्पष्ट करत नेले. ज्या मुलांनी घरात मार खाल्ला होता, त्यांनी राग इतरांच्या आधीच ओळखला, चेहरा पुरता दिसायच्या आत. ही मुलं चेहरे वाचण्यात कच्ची नाहीत. जगायला जे वाचणं भाग होतं, त्यात ती तरबेज झाली आहेत. दुसऱ्या एका प्रयोगात संगणकावर एक चेहरा हळूहळू दुसऱ्यात मिसळला होता. भीती आणि राग यांच्या मिश्रणात या मुलांना राग लवकर दिसू लागला, दुःख आणि राग यांच्या मिश्रणातही तसंच. आनंद आणि दुःख यांच्यामधली रेषा मात्र त्यांनी इतर मुलांसारखीच ओढली.