खासदारसाहेबांची बँक

नगरच्या बाजारपेठेत नुसते ‘अर्बन’ म्हटले की पुढे ‘बँक’ जोडावे लागत नसे. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक 1910 सालची. व्यापाऱ्याची रोकड, निवृत्त शिक्षकाचा फंड, मुलीच्या लग्नाची ठेव, सगळे तिथेच. 4 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, असे कारण दिले. हे दुखणे मात्र अनेक वर्षांपासून मुरत होते.

बँकेचे अध्यक्ष होते दिलीप गांधी. भाजपच्या तिकिटावर ते 1999, 2009 आणि 2014 मध्ये लोकसभेवर निवडून आले आणि वाजपेयी सरकारात राज्यमंत्रीही झाले. नगर जिल्ह्याला यात नवल वाटले नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून इथे सहकार आणि राजकारण एकाच दारातून ये-जा करत आले आहेत. पण साखर कारखान्यात उसाचे वजन काट्यावर दिसते. बँकेतल्या कर्जाचे वजन कागदावरच असते.

1 ऑगस्ट 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला. त्याच वर्षी गांधींचे लोकसभेचे तिकीटही कापले गेले होते. पुढे चिंचवड शाखेतल्या 22 कोटींच्या कर्जप्रकरणी गुन्हा नोंदला गेला, त्यात त्यांचेही नाव आले. मार्च 2021 मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. त्यामुळे त्यांच्यापुरता न्यायालयाचा निवाडा झालाच नाही.

शेवगाव शाखेतला प्रकार तर मुळातून समजून घ्यावा असा आहे. सोनेतारणात बँकेचा मूल्यांकनकार दागिना कसाला लावतो, वजन करतो आणि दाखला देतो. दागिने पिशवीत घालून सील होतात आणि तिजोरीत जातात. कर्जदार सोडवायला आला नाही, तर ती पिशवी लिलावासाठी उघडली जाते. शेवगावच्या पिशव्या लिलावासाठी उघडल्या, तेव्हा आतले सोने बनावट निघाले. म्हणजे दाखला देणारा, मंजुरी देणारा आणि तपासणी करणारा, या सगळ्या पायऱ्या खोटे सोने बिनबोभाट ओलांडून गेले होते.

निवडणूक होऊन नवे संचालक मंडळ आले, पण डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले. खात्यात कितीही रक्कम असो, काढता येत होते फक्त 10 हजार रुपये. नंतरच्या फॉरेन्सिक लेखापरीक्षणात 291 कोटींचा गैरव्यवहार दाखवला गेला आणि आरोपींची संख्या शंभरावर गेली.

मग कायदा काय करत होता? संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर नागरी बँकांना 2003 पासूनच बंदी आहे. जून 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने खासदार, आमदार व नगरसेवकांना नागरी बँकेचे व्यवस्थापकीय संचालक होण्यास अपात्र ठरवले. अध्यक्षाच्या खुर्चीला मात्र ही अट नाही. नगरमध्ये वजन त्याच खुर्चीचे होते. खासदार अध्यक्ष असेल, तर कर्ज फाइलवर शेरा मारताना शाखाधिकाऱ्याचा हात थरथरणारच.

ठेवीदारांना तारले ते विम्याने. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून सुमारे 95 टक्के ठेवीदार पूर्ण रकमेस पात्र ठरले. पाच लाखांवर ठेव असणारे मात्र वसुलीच्या वाटेकडे डोळे लावून बसले.

वाचकांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. विमा प्रत्येक बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच असतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. आणखी एक: तुम्ही सभासद असाल, तर वार्षिक सभेला अहवाल वाचून जा. थकीत कर्ज किती, ते कोणाकडे, एवढे दोनच प्रश्न उभे राहून विचारा. ‘मंजूर, मंजूर’ म्हणून चहाकडे वळणाऱ्या सभासदांच्या जोरावरच साहेब मोठे होतात.