ग्रहण नव्हे, गुणसूत्र

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई उठेनात. मांडीवर सात महिन्यांचं बाळ. रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलेलं, डाउन सिंड्रोम आहे. घरात मात्र एकच ऐकायला मिळतं, "ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस, म्हणून." ताईंनी विचारलं, "खरंच माझ्यामुळे झालं का हो?" आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये ४६ गुणसूत्रं असतात. २३ जोड्या, जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. रंग कसा, हृदय कसं घडायचं, याची नोंद त्यांत असते.

जखम भरताना कातडीच्या एका पेशीच्या दोन होतात. आपल्या एका गटाचे दोन गट झाले तेव्हा आपण काय केलं? आधी वहीची नक्कल उतरवली, मग एक वही इकडे, एक तिकडे. पेशीही आधी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल करते. मग ती मधोमध रांगेत येतात, दोन्ही टोकांकडचे बारीक तंतू त्यांना धरतात आणि मूळ नि नक्कल ओढून वेगळी करतात. दोन्हीकडे ४६.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना रीत वेगळी. तिथे प्रत्येक जोडीतलं एकच जायला हवं, म्हणजे २३. नाहीतर बाळात ९२ व्हायची! कधी एखादी जोडी सुटतच नाही. २१ नंबरची जोडी एकत्रच बीजात गेली, की वडिलांचं एक मिळून बाळात तीन होतात. एकूण ४७. हाच डाउन सिंड्रोम. १९५९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे जादा गुणसूत्र दाखवून दिलं.

बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीजात होते. "बघ, आलं ना तुझ्यावरच," असं कुणी म्हणेल. पण स्त्रीबीजाची ही विभागणी सुरू कधी होते? आपण स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना! तिथे गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि काम थांबतं. पुढे पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला एखाद्या बीजात ते पुन्हा चालू होतं. पस्तिशीतल्या बाईचं बीज तेवढी सगळी वर्षं जोड्या धरून बसलेलं असतं. वयानुसार ती पकड सैल होते. म्हणून पस्तिशीत साधारण ३५० बाळांमागे एक, चाळिशीत १०० मागे एक असं प्रमाण दिसतं. तरुण आयांनाही अशी बाळं होतात. आमच्या ताई २६ वर्षांच्या आहेत. काही वेळा चूक शुक्राणूतही होते, हे घरात कुणी बोलत नाही. विळी काय, ग्रहण काय, त्या तंतूंपर्यंत काहीच पोचत नाही.

पोचायला हवं ते डॉक्टरांपर्यंत. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून टू-डी इको करून घ्या. थायरॉइड आणि कानही तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे; अंगणवाडीत पथक येईल तेव्हा बाळ दाखवा.

ताईंच्या बाळाचा इको झालाय. शनिवारी रिपोर्ट आणायला सासूबाईही जाणार आहेत.