तोरणमाळचे दव आणि रक्तातला विळा

पावसाळा सरताना तुम्ही कधी तोरणमाळला गेलात, तर सकाळी यशवंत तलावाच्या काठचे गवत जरा वाकून पाहा. पात्यावर दवाचा थेंब बसलेला असतो आणि त्याच्या खालच्या शिरा आजूबाजूच्या शिरांपेक्षा जाड दिसतात. थेंबाचा फुगीर पृष्ठभाग भिंगाचे काम करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरच्या त्या पठारावर निसर्गाने जणू हजारो सूक्ष्मदर्शक मांडून ठेवलेले असतात!

याच सातपुड्याच्या रांगांत असा एक आजार आढळतो, की ज्याची पहिली ओळख सूक्ष्मदर्शकानेच करून दिली. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच सिकलसेल आजार. निरोगी तांबडी पेशी गोल चकतीसारखी आणि लवचीक असते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की पेशीतील हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, पेशी ताठर होते आणि वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व रोग्याला असह्य वेदना होतात. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांतील या आजारावर अनेक वर्षे काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल्ल, पावरा यांसारख्या काही समाजांत या जनुकाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा वीसच्या वर आढळले आहे.

आता समजा, तोरणमाळसारख्या डोंगराळ ठिकाणी ही पेशी दाखवणारे उपकरण तुम्हांला तयार करायचे आहे. सुरुवात कोठून कराल? पुष्कळ विद्यार्थी विचारतात, "सर, किती पट मोठे दाखवायचे?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ओळखायचे काय आहे?

आपल्याला गोल चकती आणि विळा यांतील फरक ओळखायचा आहे. पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून आपला डोळा साधारण ०.१ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. म्हणजे भिंगाची मदत हवीच.

दवबिंदूच्या जागी काचेची बारीक गोळी घेऊ या. साध्या काचेच्या गोळीचे नाभीय अंतर तिच्या व्यासाच्या सुमारे पाऊणपट असते. गोळी २.४ मिलिमीटरची असेल, तर ते १.८ मिलिमीटर येईल. २५० मिलिमीटरला १.८ ने भागा. विशालन आले सुमारे १४० पट! मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला कागदी घडीचा 'फोल्डस्कोप' अशाच एका गोळीवर चालतो. त्यातून आपली पेशी खसखशीच्या दाण्याएवढी भासेल.

मग काम झाले का? नाही. गोळीच्या कडेने जाणारे किरण मध्यातल्या किरणांपेक्षा अलीकडेच एकत्र येतात. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळे चित्र धूसर होते. कडेचे किरण बारीक छिद्राने अडवले, तर धूसरपणा कमी होतो. पण प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि त्याबरोबर बारीक तपशील वेगळे दाखवण्याची शक्ती, म्हणजे विभेदनक्षमता, घटते. एका हाताने मिळवावे आणि दुसऱ्याने गमवावे, असा हा व्यवहार आहे. फोल्डस्कोपला सुमारे दोन मायक्रोमीटरचे तपशील वेगळे दिसतात. चकतीचा गोलपणा त्यातून कळतो, पण विळ्याची निमुळती टोके खात्रीने सांगणे अवघड.

म्हणून प्रयोगशाळेत अनेक भिंगांचे वस्तुभिंग वापरतात. क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा जोडून त्यात रंगांचा दोषही आवरता येतो. चाळीस पटीच्या वस्तुभिंगावर बहुधा ०.६५ हा आकडा कोरलेला असतो. भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश गोळा करते, ते हा आकडा सांगतो. तरंगलांबीला ०.६१ ने गुणून या आकड्याने भागले, की वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान अंतर मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरा. उत्तर येते सुमारे अर्धा मायक्रोमीटर. विळ्याचे टोक ओळखायला एवढे पुरेसे आहे. दहा पटीची नेत्रिका लावली, की एकूण विशालन ४०० पट होते आणि पेशी बाजरीच्या दाण्याएवढी भासते. शंभर पटीचे वस्तुभिंग लावले तर? दिसणारे क्षेत्र सहापटीहून अधिक लहान होईल, भिंगाला तेल लावावे लागेल आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तेच राहील!

आणखी एक अडचण म्हणजे रंग न दिलेली पेशी फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसते. येथे हिमोग्लोबिनच आपल्या मदतीला येते. ०.४१५ मायक्रोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश ते फार जोराने शोषते. त्या प्रकाशात पेशी गडद उठून दिसते. तरंगलांबी आखूड असल्याने विभेदनही सुधारते. पण आपल्या डोळ्यांना जांभळा प्रकाश मंद भासतो, म्हणून कॅमेरा हवा. शिवाय भिंगांचे दोषही त्या रंगासाठी नव्याने आवरावे लागतात.

प्रत्यक्ष चाचणीत रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळून त्यावर पातळ काच ठेवतात आणि कडा बंद करतात. प्राणवायू संपला की विळे दिसू लागतात. परंतु एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या चाचणीत वाहकाच्या रक्तातही विळे दिसतात. वाहक सहसा निरोगी असतो. मात्र आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रोगी कोण आणि वाहक कोण, हे सर्वोत्तम भिंगही येथे सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करावे लागतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत अशा तपासण्यांवर भर आहे. आपले उपकरण काय सांगू शकणार नाही, हे माहीत असणे हाही रचनेचाच भाग आहे.

उद्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग हातात घ्या आणि त्यावरची अक्षरे वाचा. त्यांत ०.१७ हा आकडा आढळला, तर ती वरच्या पातळ काचेची मिलिमीटरमधील जाडी समजा. रचनाकाराने तेवढी काचही हिशेबात धरली होती! त्याहून जाड काच ठेवली तर चित्राचे काय होते, ते स्वतः करून पाहा. मात्र भिंग काचेवर आपटणार नाही, याची काळजी घ्या.