क्रेटा : दहा वर्षे, दोन पिढ्या आणि एक न बदललेली गोष्ट

आमच्या वसतिगृहात गाड्यांची चर्चा निघाली की जमिनीपासून जरा उंच असलेली प्रत्येक गाडी ‘एसयूव्ही’ ठरते. जिप्सी, थार, सफारी आणि क्रेटा या चारही गाड्या एकाच रांगेत उभ्या केल्या जातात. मला हे पटत नाही. म्हणून या वेळच्या मराठी पानासाठी मी ह्युंदाई क्रेटा हा विषय घेतला. ही गाडी आमच्या तमिळनाडूत बनते, हेही एक कारण आहेच.

‘आमच्या तमिळनाडूत’ असे वाचून काही मित्र हसतील. माझे घर कुंभकोणमला आहे. व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापल्यानंतर जी मराठी माणसे त्या प्रांतात राहिली, त्यांच्यापैकी आम्ही. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. असो, विषय गाडीचा आहे.

आधी क्रॉसओव्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्या एम.टी. विभागात उभी असलेली जिप्सी खाली वाकून पाहा. दोन जाड लोखंडी तुळया पुढून मागे गेलेल्या दिसतील आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे दिसतील. शिडीच आडवी ठेवली आहे असे वाटते, म्हणून तिला लॅडर फ्रेम म्हणतात. इंजिन, ॲक्सल आणि वरची बॉडी हे सगळे या शिडीवर बसवलेले असते. एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात असले तरी पीळ शिडी सोसते. क्रेटाखाली वाकून पाहिले तर अशी शिडी सापडणार नाही. तिथे पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून एक पेटी तयार केलेली असते आणि ती पेटीच सगळा भार घेते. याला मोनोकॉक म्हणतात. सगळ्या साध्या मोटारी अशाच असतात. त्यामुळे गाडी हलकी होते, वळणावर कमी झुकते आणि पेट्रोल कमी खाते. अशा साध्या मोटारीला उंची, मोठी चाके आणि रुबाबदार चेहरा दिला की क्रॉसओव्हर तयार होते.

दुसरा फरक चाकांचा. जिप्सीत एक जादा दांडा असतो. तो ओढला की चारही चाकांना ताकद मिळते, आणि लो गिअर टाकला की गाडी चढावर हळू पण जोराने चढते. भारतात विकल्या गेलेल्या एकाही क्रेटामध्ये ही सोय नाही. तिची फक्त पुढची दोन चाके ओढतात. इंजिन पुढे आडवे बसवलेले, ताकदही पुढेच, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नाही. आत जागा वाढते आणि खर्च वाचतो. पण चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि नेमकी गरज असते तेव्हाच त्यांची पकड सुटते. रशियात बनलेल्या पहिल्या पिढीच्या क्रेटाला चारही चाकांची सोय मिळत होती. म्हणजे कंपनीला ते जमत नव्हते असे नाही. आपल्याकडे ती सोय दिलीच नाही.

आता इतिहास. भारतातल्या या प्रकारच्या गाड्यांचे जन्मगाव शोधायचे तर चेन्नईच्या बाहेर जावे लागेल. २०१२ च्या जुलैमध्ये रेनॉ डस्टर आली, ती ओरगडमच्या कारखान्यातून. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, ती मरैमलै नगरमधून. २०१५ मध्ये क्रेटा आली, ती श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैमधून. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून साधारण तासाभरात गाठता येतील इतकी जवळ आहेत. डस्टरने हा बाजार उघडला, आणि तिला २०१४ मध्ये चारही चाकांची सोय असलेले मॉडेलही मिळाले. माझ्या मते खरी दणकट तीच होती. पण युरोपात २०१७ मध्ये डस्टरची दुसरी पिढी आली तेव्हा ती भारतात आणलीच नाही. जुनीच गाडी थोडी थोडी सजवून विकत राहिले आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवण्याची घोषणा केली. तिघींपैकी एकटी क्रेटा वेळेवर बदलत राहिली, आणि टिकली.

ह्युंदाईची भारतीय कंपनी १९९६ ची. १९९८ मध्ये त्यांनी सँट्रो आणली, जी कुंभकोणमच्या गल्ल्यांत अजूनही दिसते. क्रेटा मात्र आधी चीनमध्ये २०१४ साली ‘आयएक्स२५’ या नावाने आली. भारतात ती २१ जुलै २०१५ रोजी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ८ लाख ५९ हजारांपासून सुरू होत होती. तीन इंजिने होती : १.६ लिटर पेट्रोल (१२३ अश्वशक्ती), १.४ लिटर डिझेल (९०) आणि १.६ लिटर डिझेल (१२८). शेवटचे इंजिन हेच त्या गाडीचे खरे नाव कमावणारे. माझ्या काकांकडे २०१६ ची तीच गाडी आहे. कुंभकोणमहून चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर. लग्नकार्यासाठी किंवा आजीला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचे तर याच गाडीने.

आजीवरून एक गोष्ट सांगतो. क्रॉसओव्हर लोकांना का आवडतात याची कारणे मासिकांत पुष्कळ दिलेली असतात, पण गुडघ्यांचे कारण फारसे कुणी लिहीत नाही. जुन्या सेडानमध्ये बसताना आजीला खाली वाकून आत सरकावे लागे आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागे. क्रेटाची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते. ती आमच्या ओट्यावर बसावी तशी सीटवर बसते आणि पाय आत घेते. चिखल, डोंगर, वाळवंट हे सगळे जाहिरातीत. घरोघरी ही गाडी गेली त्यात असे गुडघेही बरेच असणार.

मे २०१८ मध्ये पहिल्या पिढीला नवा चेहरा आणि वर उघडणारे सनरूफ मिळाले. आतला सांगाडा तोच. याला फेसलिफ्ट म्हणतात, ती नवी पिढी नव्हे. वादात हा मुद्दा नेहमी चुकतो.

खरी दुसरी पिढी १६ मार्च २०२० रोजी आली. थोड्याच दिवसांत देशभर लॉकडाऊन लागला, त्यामुळे ती पाहायला शोरूममध्ये जाणेच बंद झाले. सांगाडा नवा, आणि तो किआ सेल्टॉसशी मिळताजुळता. सेल्टॉस शेजारच्या आंध्रातल्या श्री सत्य साई जिल्ह्यात बनते. या क्रेटाचे पुढचे दिवे दोन भागांत विभागलेले आहेत, वर वाकडी पांढरी रेघ आणि खाली मुख्य दिवा. तो चेहरा अनेकांना आवडला नाही. मलाही नाही.

इथे एक गंमत आहे. नवी पिढी म्हणजे जास्त ताकद असे आपण धरून चालतो. पण १२८ अश्वशक्तीचे १.६ डिझेल गेले आणि त्या जागी आले ११५ अश्वशक्तीचे १.५ डिझेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू होणार होते आणि जुनी इंजिने त्यांत बसवायची तर मोठा खर्च होता. दोन डिझेल इंजिनांऐवजी एकच नवे ठेवले. ज्याला जोर हवा त्याच्यासाठी १.४ लिटर टर्बो पेट्रोल दिले, १४० अश्वशक्तीचे.

१.५ या आकड्यामागे कराचे गणितही बसते. सप्टेंबर २०१७ पासून जीएसटीत एसयूव्हीवर उपकरासह एकूण ५० टक्के कर होता. त्यासाठी गाडी ४ मीटरपेक्षा लांब, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त, अशा अटी होत्या. जुने १.६ डिझेल इंजिन १५८२ सीसीचे, म्हणजे ते सापडले. नवे १४९३ सीसीचे, म्हणून ते ४५ टक्क्यांच्या गटात गेले. थोडक्यात, जाहिरातीत एसयूव्ही म्हणवणारी २०२० ची क्रेटा करखात्याच्या कागदावर एसयूव्ही नव्हतीच! २२ सप्टेंबर २०२५ पासून नियम बदलले आणि आता अशा गाड्यांना सरळ ४० टक्के कर आहे.

याच पिढीच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये एक गोल बटण आले. त्यावर बर्फ, वाळू आणि चिखल असे तीन पर्याय आहेत. कुंभकोणममध्ये बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर मिळतो, तरी आमच्या समोरच्यांनी गाडी आणल्यावर गल्लीतल्या सगळ्या मुलांनी ते बटण फिरवून पाहिले. हे बटण मागच्या चाकांना ताकद देत नाही. पुढचे एक चाक जागेवर फिरू लागले तर त्याला ब्रेक लावायचा आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा, एवढेच काम संगणक करतो. ओल्या गवतावर उपयोग होतो. कावेरीच्या पात्रात गाडी उतरवायला ते पुरेसे नाही.

सेनेने हा फरक कधी विसरला नाही. जिप्सीच्या जागी गाडी शोधताना टणक छत, वातानुकूलन आणि ८०० किलो वजन नेण्याची क्षमता मागितली गेली. २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी दिली गेली. वातानुकूलन मागितले, पण शिडीची चौकट आणि चारही चाकांची ओढ सोडली नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने दोन एअरबॅग असलेली क्रेटा आपटून पाहिली. मोठ्यांसाठी ५ पैकी ३ तारे आणि मुलांसाठीही ३. बॉडीचा सांगाडा ‘अस्थिर’ ठरवला, म्हणजे याहून जास्त धक्का तो सहन करू शकेल असे दिसले नाही. सनरूफ, मोठा पडदा, थंड हवेची सीट हे सगळे असलेली लाडकी गाडी, आणि ३ तारे. त्याच काळात टाटा नेक्सॉन ही आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनणारी, आकाराने आणि किमतीने लहान गाडी २०१८ मध्येच ५ तारे मिळवून बसली होती. उंच गाडीत बसलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते. ते वाटणे आणि असणे यांत किती अंतर असते, ते असे आपटून पाहिल्यावरच कळते.

१६ जानेवारी २०२४ ला आलेल्या फेसलिफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा सर्वांत स्वस्त मॉडेलपासून दिली आहे. माझ्या दृष्टीने दहा वर्षांतला हाच सर्वांत मोठा बदल, जरी जाहिरातीत जोर पुढच्या आडव्या दिव्याच्या पट्टीवर होता. वरच्या मॉडेलमध्ये रडार आणि कॅमेरा आहे. तो पुढचे वाहन ओळखतो आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावतो. महामार्गावर हे चांगले. आमच्या बाजाराच्या रस्त्यावर पानवाल्याची सायकल, गाय आणि शेअर ऑटो एकाच वेळी समोर येतात, तिथे तो बिचारा सारखा ओरडत राहतो. टर्बो इंजिन आता १.५ लिटरचे, १६० अश्वशक्तीचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतात विकलेल्या क्रेटांची संख्या १० लाख झाली.

सुट्टीत काकांची २०१६ ची आणि समोरची २०२४ ची गाडी मी टेपने मोजली. लांबी ४२७० वरून ४३३० मिलिमीटर, रुंदी १७८० वरून १७९०. म्हणजे लांबीत तीन बोटे आणि रुंदीत एक नखभर वाढ. जुन्या अग्रहाराच्या गल्लीत ती अजूनही मावते याचे कारण हेच. जमिनीपासूनची उंची तेव्हाही १९० मिलिमीटर होती, आताही तितकीच.

जानेवारी २०२५ मध्ये विजेवर चालणारी क्रेटा आली. ४२ आणि ५१.४ किलोवॅट-तास अशा दोन बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ३९० आणि ४७३ किलोमीटर असा कंपनीचा तेव्हाचा आकडा. एसी लावून महामार्गावर जोरात गेले तर इतके मिळत नाही, तरी मोठ्या बॅटरीवर चेन्नई गाठता यावी. जड बॅटरी तळाशी असल्याने गाडी रस्त्याला धरून चालते. विजेच्या गाडीत मागे दुसरी मोटर बसवली की लांब शाफ्टशिवायच चारही चाकांना ताकद देता येते. इतकी सोपी संधी असूनही मोटर एकच आहे, आणि तीही पुढच्या चाकांना.

काका आता जुनी गाडी विकायचा विचार करत आहेत. बहिणीला सनरूफ हवे आहे, काकांना पुन्हा डिझेल. सध्याच्या गाडीत दोन एअरबॅग आहेत आणि आजी नेहमी मागे बसते. मागे बसणाऱ्यांसाठी बाजूच्या पडदा-एअरबॅग नव्या गाडीच्या खालच्या मॉडेलमध्येही आहेत, तेव्हा वरच्या मॉडेलचे पैसे वाचवा आणि आजीला मागेही पट्टा लावायची सवय लावा, असे मी रविवारच्या पत्रात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.