डागाळलेले पान आणि ग्राहकाची कसोटी

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे गाव मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत या मुलखात भोसले घराण्याची गादी होती. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत, कुंभकोणम, पापनाशम व तिरुवैयारू परिसरात पिकणारे विड्याचे पान (तमिळमध्ये ‘वेत्रिलै’) दूरवर प्रसिद्ध असून २०२५ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. पर्यावरणाची चाड असलेल्या ग्राहकापुढे रोजच्या खरेदीत जे नैतिक पेच उभे राहतात, ते या एका पानाच्या आधारे उलगडून पाहता येतात. मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड येथील पानमळ्यांनाही ते तितकेच लागू आहेत.

निर्दोष पानाचे मोल

विड्याचे पान आपण न शिजवता, न सोलता खातो. त्यामुळे पानावर जे असते ते थेट पोटात जाते. दुसरीकडे, पूजेला आणि लग्नाच्या तांबूलाला डागी पान चालत नाही. नागवेलीवर पांढरी माशी, खवले कीड, पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि कोवळ्या पानातील रस शोषून तपकिरी ठिपके पाडणारा ढेकूण अशा किडी येतात. यांतील बहुतेकांचे नुकसान प्रथम पानाच्या रूपावर उमटते. ग्राहक डागी पान बाजूला सारतो, व्यापारी त्याचा दर पाडतो, आणि पुढच्या खेपेस मळेवाला कीड दिसण्यापूर्वीच पंप पाठीवर घेतो. फवारणी नको म्हणणारा आणि डाग नको म्हणणारा ग्राहक पुष्कळदा एकच असतो. त्याच्या या दोन मागण्यांतील विसंगतीचा भुर्दंड मात्र शेतकरी व फवारणी करणारा मजूर भरतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डाग असलेले पान विषमुक्तच असते असे मानू नये. कीड पडल्यानंतर फवारणी झालेली असू शकते. त्याचप्रमाणे स्वच्छ पान म्हणजे फवारलेलेच, असेही नाही. निरोगी बेणे, योग्य सावली व वेळेवर काढलेली रोगट पाने यांतूनही उत्तम पान मिळते. उर्वरित अंश डोळ्यांना दिसत नाही. पाणी पृष्ठभागावरील काही भाग धुऊन नेते; आंतरप्रवाही कीडनाशकाचा पेशींत गेलेला अंश मात्र धुतल्याने जात नाही.

मानांकन आणि प्रमाणपत्र

भौगोलिक मानांकन मूळ स्थानाची व त्या स्थानाशी निगडित गुणांची ग्वाही देते. फवारणीविषयी ते काहीही सांगत नाही. सेंद्रियतेची ग्वाही राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे त्रयस्थ प्रमाणीकरण किंवा शेतकरी गटांनी परस्परांची पाहणी करण्यावर आधारलेली सहभागी हमी पद्धत देते. यांत संक्रमणकाळ, नोंदी आणि खर्च येतो. दहा-वीस गुंठ्यांच्या मळेवाल्याला तो पेलतोच असे नाही. मग ग्राहकाने काय करावे? प्रमाणपत्र नसलेल्या, परंतु जपून पिकवणाऱ्या जवळच्या शेतकऱ्याकडून घ्यावे, की दुरून आलेला प्रमाणित माल घ्यावा? केवळ चिन्ह पाहून निवड केली तर लहान शेतकरी मागे पडतो. केवळ शब्दावर विश्वास ठेवला तर फसवणुकीला वाव मिळतो. या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग शेतकऱ्याच्या नोंदवहीतून जातो.

पिशवीचा हिशेब

तिसरा पेच वेष्टनाचा. तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या पिवळ्या कापडी पिशवीकडे परतण्याची मोहीम सुरू केली. त्रिभुज प्रदेशात केळीचे पान मुबलक असल्याने फुले-पाने बांधण्यास तेही हाताशी असते. तथापि कापूस हेही कीडनाशके व पाणी मागणारे पीक आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी साधी सुती पिशवी पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीस येण्यासाठी सुमारे ५२ वेळा वापरावी लागते. त्या हिशेबात इतस्ततः फेकलेल्या प्लॅस्टिकमुळे होणारे नुकसान धरलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. निष्कर्ष साधा आहे: घरी असलेली पिशवी विसरून दर वेळी नवी कापडी पिशवी घेणे हा पर्यावरणस्नेह ठरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ग्राहकाचे हे पेच एकट्याने सुटणारे नाहीत. उत्पादकाच्या बाजूने पुढील गोष्टी करता येतील :

• लागवडीसाठी खवले कीड व रोग नसलेल्या वेलीचेच बेणे निवडावे.
• नियमित निरीक्षणानंतरच उपाय योजावेत. प्रारंभी ५ टक्के निंबोळी अर्कास प्राधान्य द्यावे.
• कीडनाशक अपरिहार्य असल्यास पिकासाठी शिफारस असलेलेच घ्यावे. आधी तोडणी, मग फवारणी हा क्रम पाळावा आणि पुढील तोडणीपूर्वी प्रतीक्षाकाळ पूर्ण होऊ द्यावा.
• फवारणीची तारीख, औषध, मात्रा व तोडणीची तारीख वहीत लिहावी आणि मागणाऱ्या ग्राहकाला ती दाखवावी.
• किरकोळ डाग असलेल्या पानांची स्वतंत्र प्रत करून, कारण सांगून, योग्य दराने विकावी. पूजेसाठी निवडक पान लागते. रोजच्या विड्याला ही प्रत पुरेशी आहे.

ग्राहकाकडून अपेक्षा एवढीच की, त्याने ‘पान कसे दिसते’ या प्रश्नासोबत ‘शेवटची फवारणी केव्हा झाली’ हा प्रश्नही विचारावा आणि प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला रास्त दर द्यावा. तो दर मिळू लागला, तर प्रतीक्षाकाळ पाळणाऱ्या शेतकऱ्याचे चार दिवस वाया जाणार नाहीत.